जळालेल्या जंगलातली सोपी वाट: वाक्लेला फॉल्सला जाताना काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करायचं

पोर्टलंड, बीव्हर्टन, हिल्सबरो भागातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की कोलंबिया रिव्हर गोर्जची, म्हणजे कोलंबिया नदीच्या खोल दरीची, एक फेरी ठरलेलीच असते. मल्टनोमा फॉल्सची गर्दी नको असली की कुणीतरी वाक्लेला फॉल्सचं नाव सुचवतं. टॅनर क्रीक या ओढ्याच्या काठाकाठानं जाणारी ही वाट जाऊन-येऊन सव्वादोन-अडीच मैलांची, तीन-चारशे फूट चढाची. पाच-सहा वर्षांची मुलं ती चालतात आणि सत्तरीचे आजोबाही चालतात. वाट सोपी आहे हे खरंच आहे. पण ती ज्या जंगलातून जाते तिथून २०१७ साली ईगल क्रीकची आग फिरली आहे. त्यामुळे तयारी काय करायची आणि कोणत्या क्रमानं, हे सगळंच बदलतं. नेमका तो क्रम चुकतो, म्हणून हा लेख.

चुकतं ते साधारण असं. शनिवारी सकाळी बाहेर ऊन दिसलं की निघायचं. वाऱ्याचा अंदाज पाहायचा नाही. अकराच्या पुढे पोहोचायचं, मग पार्किंग मिळत नाही म्हणून गाडी कुठेतरी कडेला लावायची. मुलांना काळ्या पडलेल्या खोडाला टेकवून फोटो काढायचे आणि सावली बघून, म्हणजे बहुतेक वेळा उभ्या मेलेल्या झाडाखाली, डबा उघडायचा. एवढं करूनही काही होत नाही, सगळे सुखरूप घरी येतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करतात.

## आधी एक समजूत बदला

आपल्याकडचा वणवा बहुतेकांनी पाहिलेला असतो. सह्याद्रीच्या उतारावर फेब्रुवारी ते मे दरम्यान गवत पेटतं, रात्री डोंगरावर लाल रेघ दिसते आणि जून-जुलैत तोच उतार हिरवा होतो. त्यामुळे ‘आग लागून इतकी वर्षं झाली, आता काय भीती?’ हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे.

गोर्जमध्ये उलटं घडतं. इथलं जंगल उंच सूचिपर्णी झाडांचं आहे. डग्लस फरची साल जाड असते, त्यामुळे मोठी झाडं पुष्कळदा वाचतात. वेस्टर्न हेमलॉक आणि वेस्टर्न रेड सीडर यांची साल पातळ, ती हलक्या आगीतही मरतात. मेलेलं झाड लगेच पडत नाही, वर्षानुवर्षं उभं राहतं. दरम्यान जमिनीखाली मुळं कुजत जातात. म्हणजे आगीनंतर पाच, आठ, दहा वर्षांनी झाडं पडण्याचा धोका संपलेला नसतो, उलट तो जोरात असू शकतो. उताराचंही तसंच. जुन्या मुळांनी माती धरून ठेवलेली असते. ती कुजली आणि नवीन झाडांची मुळं अजून खोल गेलेली नसली, तर मधल्या काळात उतार सैल राहतो.

आग सगळीकडे सारखी लागलेली नाही हेही ध्यानात ठेवा. ईगल क्रीकच्या आगीनं सुमारे ५०,००० एकर क्षेत्र व्यापलं, पण त्यात कुठे झाडांचे शेंडे जळाले, कुठे फक्त खालचा पालापाचोळा गेला आणि कुठे काहीच झालं नाही. ओढ्यालगत शेवाळ आणि नेचे पाहून हे जंगल कधी जळलंच नव्हतं असं वाटतं. धोका त्या हिरव्या पट्ट्याच्या वर, उतारावर उभा असतो. म्हणून या वाटेवर मान वर करून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

## टप्पा १: जायचं की नाही, हे तीनदा ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. निर्णय एकदा घेऊन चालत नाही.

दोन-तीन दिवस आधी फॉरेस्ट सर्व्हिसच्या कोलंबिया रिव्हर गोर्ज नॅशनल सीनिक एरियाच्या पानावर वाट उघडी आहे का ते पाहा. दरड, पडलेली झाडं, पुलाचं काम अशा कारणांनी इथल्या वाटा अचानक बंद होतात. गूगल मॅप्सवर ‘ओपन’ दिसतं यावर विसंबू नका. ओरेगॉन हायकर्स या संकेतस्थळावर अलीकडे जाऊन आलेल्यांच्या नोंदी असतात, त्याही वाचा. वाट कागदोपत्री उघडी असली तरी कुठे झाड आडवं पडलंय, कुठे चिखल आहे, हे तिथेच कळतं.

आदल्या रात्री हवामान पाहा, पण पोर्टलंडचं पाहू नका. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशावर बॉनव्हिलजवळ, म्हणजे वाट सुरू होते तिथल्या धरणाजवळ, टिचकी मारून तिथलाच अंदाज काढा. पोर्टलंडमध्ये पान हलत नसताना गोर्जमध्ये सोसाट्याचा वारा असू शकतो. ही दरी दोन बाजूंच्या हवामानाला जोडणारी बोळच आहे. हिवाळ्यात पूर्वेकडून, उन्हाळ्यात पश्चिमेकडून वारा तिच्यातून रेटून जातो.

पाहायच्या गोष्टी तीन:

- वाऱ्याचे झोत. झोत ताशी २५ मैलांच्या पुढे जाणार असतील तर मी हा बेत रद्द करते. हा सरकारी नियम नाही, माझा ठोकताळा आहे. निरोगी जंगलात एवढा वारा चालून जातो, मेलेल्या झाडांखाली नाही.
- पाऊस. गोर्जच्या या भागात वर्षाला ७० इंचांहून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः ऑक्टोबर ते मे या काळात. रिमझिम असेल तर जायला हरकत नाही. पण दोन-तीन दिवस मुसळधार पडून गेला असेल, किंवा पुराचा इशारा असेल, तर जाऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये याच पट्ट्यात डॉडसनजवळ मोठ्या पावसात डोंगरावरून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि गाडीतून जाणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला. आगीला तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती.
- धूर. जुलै ते सप्टेंबर या काळात आजूबाजूला कुठेही आग लागली की धूर दरीत साचतो. एअरनाऊ या हवेची शुद्धता सांगणाऱ्या संकेतस्थळावर हवेचा निर्देशांक १०० च्या वर असेल तर लहान मुलं, वयस्कर मंडळी आणि दमा असणाऱ्यांना नेऊ नका. १५० च्या वर असेल तर कुणीच जाऊ नये.

निघायच्या दिवशी सकाळी यातलं सगळं पुन्हा पाहा, शिवाय रस्त्याची स्थिती सांगणारं ट्रिपचेक हे संकेतस्थळ. हिवाळ्यात आय-८४ या हायवेवर बर्फाचा थर असतो किंवा रस्ता बंदही असतो.

> तपासून घ्या: वाट उघडी, झोत कमी, मुसळधार पावसाला दोन दिवस उलटलेले, हवा स्वच्छ. चारपैकी एकही ‘नाही’ आलं तर बेत पुढे ढकला. पाहुणे परवा परत जाणार आहेत, हे कारण यात बसत नाही.

## टप्पा २: कोण येणार, काय घालणार

आई-बाबांना नेत असाल तर आधी स्पष्ट विचारा: गुडघे कसे आहेत, उतरताना त्रास होतो का, उंचावरून खाली पाहिलं की गरगरतं का? ‘मला काही होत नाही’ हे उत्तर त्यांनी दिलं तरी एकदा घराजवळच्या पार्कमध्ये तासभर चालवून बघा. या वाटेवर दम लागणं हा प्रश्न नाही. पायऱ्या, ओले दगड आणि काही ठिकाणी एका बाजूला असलेली खोल उतरण हा प्रश्न आहे.

पायात बंद, खाली खाचा असलेले बूट हवेत. सँडल, चप्पल, गुळगुळीत तळव्याचे वॉकिंग शूज नकोत. आईला साडीत किंवा सलवार-कमीजमध्येच बरं वाटत असेल, तरी निदान या दिवशी पायघोळ काही नको. ओल्या पायरीवर काठ पायात येतो. अंगात लांब बाह्या आणि पूर्ण पँट ठेवा, याचं कारण टप्पा ५ मध्ये येईल. सुती कपडे टाळा. या दरीत धबधब्याचे तुषार आणि रिमझिम यांनी सुती कपडा भिजतो, वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतो. जुलैतही एक पातळ जाकीट जवळ असू द्या.

चालायच्या काठ्या वयस्करांसाठी दोन घ्या, एक नाही. उतरताना गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो.

मुलांसाठी एकच नियम आणि तो घरीच सांगून ठेवायचा: ‘मोठ्यांच्या पुढे पळायचं नाही, वाट सोडायची नाही.’ वाटेवर पोहोचल्यावर सांगितलं तर ऐकलं जात नाही.

## टप्पा ३: पिशवीत काय

चार किलोमीटरसाठी फार लागत नाही. पण जे लागतं ते गाडीत ठेवून जायचं नाही.

पाणी माणशी किमान एक लिटर. ओढा स्वच्छ दिसतो, तरी त्याचं पाणी न शुद्ध करता पिऊ नका, जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीचा त्रास होऊ शकतो. खाणं कोरडं आणि हातात धरून खाता येईल असं घ्या: थालीपीठ, गूळपोळी, लाडू. चहा थर्मासमध्ये भरून न्या. वाटेवर स्टोव्ह पेटवून चहा करायचा विचार मनातही आणू नका. ही आग २ सप्टेंबर २०१७ ला ईगल क्रीकच्या वाटेवर एका पंधरा वर्षांच्या मुलानं टाकलेल्या फटाक्यातून लागली. त्या रात्री सुमारे दीडशे लोक जंगलात अडकून पडले होते. सिगारेट, लायटर, फुलबाजी, काहीही नको.

याशिवाय प्रथमोपचाराची छोटी पिशवी, घोट्याला बांधायची इलास्टिक पट्टी, प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक टॉर्च (फोनचा नव्हे, वेगळा), शिट्टी, आणि कचरा परत आणायला एक पिशवी. केळ्याची सालं, संत्र्याची सालंसुद्धा परत आणायची.

फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. दरीत शिरलं की सिग्नल जातो. कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे घरी राहणाऱ्या एकाला तरी सांगून जा.

## टप्पा ४: गाडी, पास, पार्किंग

पोर्टलंडहून आय-८४ वर पूर्वेकडे, सुमारे पाऊण तास. एक्झिट ४०, बॉनव्हिल धरणाचा. बाहेर पडल्यावर नदीकडे, म्हणजे धरणाच्या दिशेला जायचं नाही. विरुद्ध बाजूला, डोंगराकडे वळलं की लगेच छोटं पार्किंग लागतं. इथे गोंधळ फार जणांचा होतो, कारण धरणाची पाटी मोठी आहे.

एक्झिट ४१ चा आणि या वाटेचा काही संबंध नाही. तो ईगल क्रीकचा, आणि तो फक्त पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी आहे. चुकून तिथे उतरलात तर पश्चिमेकडे परतायला आधी पूर्वेला कॅस्केड लॉक्सपर्यंत जावं लागतं.

गाडीसाठी नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो, एका दिवसाचा ५ डॉलर, वर्षाचा ३० डॉलर. अमेरिका द ब्यूटिफुल पास असेल तर तोही चालतो. दिवसाचा पास आदल्या रात्री ऑनलाइन घेऊन छापून ठेवा, तिथे सिग्नलची खात्री नाही. मल्टनोमा फॉल्सला काही वर्षं उन्हाळ्यात वेळ ठरवून घ्यायचा वेगळा परवाना लागत असे; आता लागतो का ते आधी पाहा. तो इथे चालत नाही आणि इथला तिथे चालत नाही. एका दिवसात दोन्ही करणार असाल आणि तो परवाना लागत असेल, तर दोन्ही हवेत.

पार्किंग लहान आहे. शनिवार-रविवारी आठ-साडेआठपर्यंत पोहोचा. भरलेलं असेल तर हायवेच्या उताराला, कठड्याला चिकटून गाडी लावू नका. धरणाच्या बाजूला जाऊन मत्स्यबीज केंद्र बघा, तिथले स्टर्जन मासे मुलांना आवडतात. तासाभरानं परत येऊन पाहा.

> सावध: गोर्जमधल्या पार्किंगमध्ये काच फोडून चोरी होणं नेहमीचं आहे. पर्स, लॅपटॉप, पासपोर्ट गाडीत ठेवू नका, डिकीतही नाही. पाहुण्यांचे पासपोर्ट घरी राहू द्या.

स्वच्छतागृहाचा भरवसा तिथे धरू नका. आधीच्या थांब्यावर सगळ्यांना जाऊन यायला सांगा, विशेषतः आई-बाबांना. भिडेपोटी ते नको म्हणतात आणि मग पाणीच पीत नाहीत.

## टप्पा ५: वाटेवर, क्रमानं

### पहिला भाग: खडीचा रस्ता

सुरुवात ओढ्याच्या काठानं रुंद खडीच्या रस्त्यावरून होते. सपाट आणि सोपं. मत्स्यबीज केंद्राला पाणी नेणाऱ्या छोट्या बंधाऱ्यापर्यंत हा रस्ता जातो. इथे घाई करायची नाही. हा भाग सवय लावण्यासाठी वापरा: दर थोड्या अंतरानं थांबून वर बघा, बाजूच्या उताराकडे बघा, मग पायाखाली. मुलांना याचा खेळ करून द्या. ‘काळं झाड कुणाला आधी दिसतं?’

मेलेलं झाड ओळखायच्या खुणा पाहून ठेवा. शेंडा मोडलेला, साल सुटून लोंबणारी, बुंध्याला जळून ढोली पडलेली, सुतारपक्ष्यांनी भोकं पाडलेली, बुंध्याशी आळंबी उगवलेली. सगळ्यात वाईट खूण म्हणजे झुकलेलं खोड आणि मुळांशी उचललेली ताजी माती. हिरवं झाड म्हणजे सुरक्षित असंही नाही. बुंधा अर्धा जळलेला असून शेंडा हिरवा असलेली झाडंही पडतात.

### दुसरा भाग: मन्रा फॉल्सचा पूल

बंधाऱ्यानंतर वाट अरुंद होते आणि एक छोटा पूल लागतो, मन्रा फॉल्सच्या अगदी पुढ्यात. धबधबा इतका जवळ की पावसाळी दिवसांत तुषार थेट अंगावर येतात. सगळ्यांना इथेच फोटो हवा असतो आणि इथेच घसरायला होतं. पूल ओला असतो, थंडीत त्यावर बर्फाचा पातळ काचेसारखा थर धरतो. एका वेळी थोडे जण पुढे जा, कठडा धरून चाला. बर्फ दिसला आणि बुटांना लावायचे काटे नसतील तर इथूनच मागे वळा.

### तिसरा भाग: चढ, पायऱ्या आणि फाटा

पुलानंतर वाट ओढ्यापासून वर चढते. पायऱ्या लागतात, एका बाजूला खोल उतरण येते. वयस्कर माणसाला डोंगराच्या बाजूनं चालू द्या, दरीच्या बाजूला घरातलं धट्टंकट्टं माणूस. समोरून कुणी आलं तर आपण डोंगराच्या बाजूला थांबायचं, कडेला सरकायचं नाही. वाटेची कड कुठे भुसभुशीत झाली असेल ते वरून दिसत नाही.

पुढे फाटा येतो. एक वाट वरच राहते, दुसरी ओढ्याकडे उतरते आणि दोन्ही धबधब्याशी भेटतात. मी वरच्या वाटेनं जायला आणि खालच्या वाटेनं परतायला सांगेन. वरची अरुंद आहे, ती पाय ताजे असताना आणि गर्दी वाढायच्या आत पार व्हावी. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर मात्र खालची वाट सोडून द्या आणि गेलात त्याच वाटेनं परत या. खालच्या वाटेनं उतरलेलं सगळं शेवटी पुन्हा चढायचं असतं.

> सावध: वळणं तोडून सरळ उतरू नका. जळलेल्या उतारावरची माती सैल असते आणि जमिनीखाली जळून गेलेल्या मुळांच्या पोकळ्या असतात. त्यावर आता नेचे आणि शेवाळ वाढलंय, खड्डा दिसत नाही. पाय आत गेला की घोटा मोडतो. शिवाय त्याच मातीत नवी रोपं धरत आहेत.

### लांब बाह्या कशासाठी

आगीनं वरची सावली कमी केली की खाली ऊन पोहोचतं आणि झुडपं माजतात. बिगलीफ मेपल बुंध्यातून फुटतो, फायरवीडची गुलाबी फुलं येतात, थिम्बलबेरी पसरते. त्यांच्याबरोबर पॉइझन ओकही गोर्जमध्ये जागोजागी असतो. तीन-तीन पानांचे झुपके, वसंतात तकतकीत, उन्हाळ्याअखेर लालसर. हिवाळ्यात पानं गळतात, पण नुसत्या काड्यांतही तेल असतं. अंगाला लागलं की दोन-तीन दिवसांत बिब्बा उतल्यासारखे फोड आणि खाज. ते साहजिकही आहे, कारण बिब्बा, काजू, आंबा आणि हे झुडूप एकाच कुळातले. आंब्याच्या चिकानं ज्यांचं तोंड उतू जातं त्यांनी इथे जास्त जपावं. आपल्या आयांना वाटेतलं पान खुडून, चुरगाळून वास घ्यायची सवय असते. त्यांना आधीच सांगून ठेवा.

### चौथा भाग: धबधबा

धबधब्यापाशी जागा उघडी होते. वाक्लेला दोन टप्प्यांत पडतो, खालचा टप्पा मोठ्या डोहात. त्याच्या खाली ओढ्यात घरांएवढे दगड पडलेले दिसतात. १९७३ मध्ये या दरीच्या कड्याची मोठी दरड कोसळली, त्यातले हे दगड. इथला डोंगर आगीच्या आधीही स्थिर नव्हता, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

डोहात उतरू नका. पाणी उन्हाळ्यातही अंग बधिर करण्याइतकं थंड असतं आणि वरच्या जळलेल्या जंगलातले ओंडके प्रवाहाबरोबर खाली येतात. ओढ्यात अडकलेल्या ओंडक्यांवर मुलांना चढू देऊ नका. वरून पक्के दिसणारे ओंडके पाण्याखाली कशावर टेकलेत ते कुणालाच माहीत नसतं.

शांत बसलात तर राखाडी रंगाचा एक छोटा गुबगुबीत पक्षी दगडावर उठाबशा काढताना आणि मग सरळ वाहत्या पाण्यात शिरताना दिसेल. तो डिपर. मुलांना तो दाखवायला विसरू नका. धबधब्याच्या फोटोपेक्षा तो त्यांच्या जास्त लक्षात राहतो.

## टप्पा ६: कुठे थांबायचं, कुठे नाही

हा भाग मुद्दाम वेगळा काढला, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चालताना माणूस एका झाडाखाली काही सेकंद असतो. डबा खाताना अर्धा तास असतो. धोका त्या प्रमाणात वाढतो.

नियम असा: मेलेल्या उभ्या झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात बसायचं नाही. इथली झाडं शंभर-दीडशे फूट सहज असतात, म्हणजे अंतर दीडशे-सव्वादोनशे फूट. अरुंद दरीत एवढं मोकळं फार थोड्या ठिकाणी मिळतं. म्हणून वाटेवर बसायचंच नाही. धबधब्याजवळच्या उघड्या जागी आधी चारही बाजूंनी वर पाहून, उताराच्या पायथ्यापासून दूर, पंधरा-वीस मिनिटं बसावं. पूर्ण जेवण परत गाडीपाशी किंवा धरणाच्या बाजूच्या हिरवळीवर.

उभं काळं खोड फोटोला छान दिसतं, पण त्याला टेकायचं नाही. झोपाळा बांधायचा नाही, हलवून बघायचं नाही. वरची सुटलेली फांदी खाली यायला एवढासा धक्का पुरतो.

संशयास्पद झाड वाटेवर झुकलेलं दिसलं तर घोळक्यानं त्याखालून जाऊ नका. एकेक जण, न थांबता, बाकीचे मागे थांबलेले. कानात इअरफोन नकोत. झाड पडायच्या आधी बहुधा कडाडल्याचा आवाज येतो. आवाज आला की आधी वर बघायचं, कुठून येतंय ते पाहायचं आणि मग बाजूला पळायचं. न बघता धावणारा माणूस कधीकधी नेमका त्याच दिशेनं जातो.

> तपासून घ्या: बसण्याआधी तीन प्रश्न. वर काय आहे? उतारावर काय सुटलेलं आहे? पळायला वाट कुठून?

## टप्पा ७: मध्येच बिघडलं तर

वारा अचानक वाढला, शेंडे जोरात हलायला लागले, तर धबधबा शंभर पावलांवर असला तरी परत फिरा. वाट लहान आहे हीच इथे आपली जमेची बाजू, अर्ध्या-पाऊण तासात गाडीपाशी पोहोचता येतं. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, किंवा वरून दगड गडगडल्याचा आवाज आला, तर ओढ्यापासून दूर आणि उंच जागी जा. खालच्या वाटेवर असाल तर पुलाशी थांबून व्हिडिओ काढू नका.

वाटेत झाड आडवं पडलेलं असेल तर त्यावरून चढून किंवा उतारावरून वळसा घालून जायचा मोह होतो. बरोबर वयस्कर किंवा लहान मुलं असतील तर तिथूनच मागे फिरा.

कुणाचा पाय मुरगळला तर आधी त्या जागेवरचं आकाश पाहा. वर मेलेलं झाड असेल तर शक्य तितकं हळूच तिथून हलवा, मग पट्टी. चालता येत नसेल तर ९११. सिग्नल नसेल तर दोघांनी पार्किंगकडे जावं, एकानं जखमी माणसाजवळ थांबावं. नवीन आयफोनवर उपग्रहाद्वारे मदत मागायची सोय आहे, पण तिला मोकळं आकाश लागतं, झाडीखाली ती अडखळते. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या विम्याचा नंबर आणि त्यांच्या औषधांची यादी तुमच्या फोनमध्ये असू द्या, त्यांच्या पिशवीत नव्हे.

वेळेचाही हिशेब ठेवा. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो आणि दोन्ही बाजूंना उंच कडे असल्यामुळे दरीत त्याच्या किती तरी आधी अंधारून येतं. हिवाळ्यात दुपारी एकनंतर चालायला सुरुवात करू नका.

## टप्पा ८: परत आल्यावर

गाडीपाशी बुटांचे तळवे घासून माती आणि बिया तिथेच झटका. जळलेल्या उघड्या जमिनीवर परकी तणं झपाट्यानं धरतात आणि ती पसरतात पुष्कळदा आपल्याच बुटांतून. चांगली सवय म्हणजे निघण्याआधी घरूनही बूट स्वच्छ करून न्यायचे.

घरी पोहोचल्यावर सोफ्यावर बसायच्या आधी कपडे बदला आणि ते वेगळे, गरम पाण्यात धुवा. हात, घोटे, मान साबणानं चोळून धुवा. पॉइझन ओकचं तेल चिकट असतं, नुसत्या पाण्यानं जात नाही. काठ्यांच्या मुठी आणि बुटांच्या नाड्या हमखास राहून जातात, त्याही पुसा. कुत्रा बरोबर नेला असेल तर त्यालाही आंघोळ घाला. त्याला पुरळ उठणार नाही, पण त्याच्या केसांवरचं तेल तुमच्या हाताला लागेल. मुलांच्या केसांत, कानांमागे आणि मोज्यांच्या काठाशी गोचीड आहे का ते पाहा.

वाटेत नव्यानं पडलेलं झाड, खचलेली कड किंवा सैल झालेला कठडा दिसला असेल तर त्याचा फोटो आणि ठिकाण फॉरेस्ट सर्व्हिसच्या गोर्ज कार्यालयाला त्याच संध्याकाळी कळवा. पुलापासून किंवा फाट्यापासून साधारण किती अंतरावर आणि वाटेच्या कोणत्या बाजूला, एवढं लिहिलं की दुरुस्तीला येणाऱ्यांना जागा सापडते.